बनुबाईचे साडेतीन इसा

हवालदारांच्या छातीत बॅटरी बसवली, ही बातमी हवालदार पुण्याहून परत येण्याआधी चार दिवस आष्ट्यात येऊन पोचली होती. त्यामुळे ते एस.टी.तून उतरून आपल्या पायांनी चालत घरी गेले, याचं लोकांना जरा वाईटच वाटलं. काहीतरी दिसेल, निदान आवाज तरी येईल, अशी अपेक्षा होती. शेजारची अंबूबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच ताकाचं भांडं घेऊन आली आणि भांडं खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं,

"बनुबाई, अंगावर पांघरून असलं तरी उजेड बाहीर पडतुया का वं?"

"न्हाई," बनुबाई म्हणाली. "ती आतल्या आत जळती."

अंबूबाईचं समाधान झालं. तिनं ती माहिती पुढे सगळ्या आळीला पुरवली.

हे सत्त्याहत्तर सालचं. हवालदार म्हणजे कृष्णात, मूळचे कुंडलचे. फौजेत गाड्या आणि तोफा दुरुस्त करणाऱ्या पलटणीत ते बावीस वर्षं वेल्डर होते. तिथून सुटल्यावर त्यांनी आष्ट्याला सांगलीच्या रस्त्यावर पत्र्याची एक शेड उभी केली, आत वेल्डिंगचं मशीन ठेवलं आणि उसाच्या ट्रॉल्या, नांगराचे फाळ, विहिरीवरचे पंप असं जे मोडेल ते जोडायला सुरुवात केली. फौजेतून येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या होत्या: एक मनगटी घड्याळ, हिंदी बोलायची सवय, आणि मिळालेला हुकूम शब्दाला शब्द पाळायची खोड. पहिल्या दोन गोष्टींचा बनुबाईला कधी त्रास झाला नव्हता.

बनुबाईचं माहेर उंब्रज. शाळा दुसरीपर्यंत. लग्नानंतर नवरा वर्षातून दोन महिने दिसायचा, उरलेले दहा महिने त्याची पत्रं दिसायची. ती पत्रं शाळेचे गुरुजी वाचून दाखवायचे. गुरुजी काही मजकूर गाळतात, हे बनुबाईला कागदाच्या लांबीवरून कळायचं, पण तिनं कधी तक्रार केली नाही. मागाहून ती स्वतःच हळूहळू वाचायला शिकली आणि जुनी पत्रं काढून गाळलेला मजकूर वाचला. तोपर्यंत त्यातली सर्वांत नवी चिठ्ठी अकरा वर्षांची झाली होती. तिला कशाची घाई नसे. मोजणं मात्र तिचं माहेरापासून पक्कं. वडिलांच्या खळ्यावर कडब्याच्या पेंढ्या विसाविसांनी मोजत; वीस म्हणजे एक इसा. शंभर म्हणजे पाच इसा, तीस म्हणजे दीड इसा. शेकडा हा प्रकार तिच्या लेखी शाळेतल्या लोकांसाठी होता.

दोन वर्षांपूर्वी हवालदारांना उभ्या उभ्या अंधारी यायला लागली. पहिल्यांदा ते पिठाच्या गिरणीच्या दारात पडले, तेव्हा लोकांनी उपास समजून त्यांना केळं खायला दिलं. चौथ्यांदा पडले तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाडी मोजली, मग हातातलं घड्याळ कानाला लावून पाहिलं, मग कंपाउंडरचं घड्याळ मागवलं आणि पुन्हा मोजली. दोन्ही घड्याळांवर मिनिटाला बत्तीसच ठोके पडले. डॉक्टर म्हणाले, हृदयाला चल म्हणून सांगणारी जी तार असते ती मध्येच तुटते आहे. पेन्शनर असल्यामुळे पुण्याला फौजी दवाखान्यात सोय झाली. तिथे गळ्याच्या डाव्या हाडाखाली, कातडीच्या आत, शिकेकाईच्या वडीएवढी एक पेटी बसवली. हृदयानं स्वतः ठोका दिला तर पेटी गप्प राहते, हृदय विसरलं तर पेटी आठवण करते, असं तिथल्या फौजी डॉक्टरांनी, मेजरसाहेबांनी, समजावलं. बनुबाईला ते ताबडतोब पटलं. तिनं स्वतः बावीस वर्षं हेच काम केलं होतं.

दवाखान्यातल्या केरळच्या सिस्टरनं तिला नाडी मोजायला शिकवलं. सकाळी उठायच्या आधी एकदा, संध्याकाळी एकदा. घड्याळातला लाल काटा बारावरून निघून बारावर येईपर्यंत.

"सत्तर आना चाहिये," सिस्टर म्हणाली. "पैंसठ हुआ तो अगली गाडी से आना."

"म्हंजी साडेतीन इसा," बनुबाई म्हणाली.

सिस्टरनं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर सत्तर हा आकडा मोठा करून लिहून दिला. बनुबाईनं तो जपून ठेवला आणि मोजायला चिंचोके घेतले. वीस ठोके झाले की एक चिंचोका मांडीवरून खाली. तीन चिंचोके आणि वर दहा. सगळ्या दवाखान्यात तिच्याइतकं बिनचूक कोणी मोजत नाही, असं सिस्टरनंच निघायच्या दिवशी सांगितलं.

त्याच दिवशी मेजरसाहेबांनी दारातून जाता जाता हुकूम दिला. "हवालदार, बिजली का काम बिलकुल बंद. समझे?"

हवालदारांनी पलंगावर बसल्या जागी पाय जुळवले. "समझा, साहब."

घोळ झाला तो इथे.

घरी आल्यापासून हवालदारांनी विजेच्या बटणाला हात लावला नाही. घरात दिवे दोनच होते, एक सोप्यात आणि एक स्वयंपाकघरात. दिवेलागण झाली की ते अंगणातून हाक मारत, "दिवा लाव." निजायच्या वेळी म्हणत, "दिवा घालव." बनुबाई भाकरी थापत असली तर पिठाचे हात पुसून उठे. रेडिओवरच्या बातम्या लावायला ती, बंद करायला ती. आळीतल्या सुलाबाईच्या घरी सत्यनारायणाला विजेच्या दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, तर हवालदार रस्त्यातूनच नमस्कार करून परत आले आणि प्रसाद घरी पाठवायला सांगितला. एवढं कडक पथ्य मधुमेहाच्या लोकांनीसुद्धा आष्ट्यात कधी पाळलं नव्हतं. बनुबाईला त्याचं कौतुक होतं. दीड महिन्यानं ते दुकानावर जायला लागले तेव्हा ती निर्धास्त होती. दुकानात दादासो होता. दादासो चाळिशीचा, पूर्वी बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा, चार वर्षांपासून हवालदारांच्या हाताखाली. तो वेल्डिंग करणार, हे खुर्चीवर बसून सांगणार, असं तिनं धरून चाललं होतं.

भाद्रपदातल्या एका सकाळी ती मोरीवर कपडे धूत होती. हवालदारांच्या खाकी सदऱ्याला पोटापाशी मोहरीएवढी पाच भोकं होती. सदऱ्याची जुनी भोकं तिला पाठ होती. ही पाच नवी होती.

"आवं," तिनं हाक मारली, "ही भोकं कशाची?"

"ठिनग्यांची," हवालदार सोप्यातून म्हणाले.

"कुनाच्या ठिनग्या?"

"कुनाच्या म्हंजी? वेल्डिंग करताना उडत्यात न्हवं. माज्याच."

बनुबाईनं सदरा बादलीत ठेवला. "मेजरसायेब काय म्हनालं हुतं?"

"बिजली का काम बंद म्हनालं. मंग? मी बटनाला तरी बोट लावलंय का?"

"आन् ते वेल्डिंग कशावर चालतंया? राकेलवर?"

हवालदार उठून मोरीपाशी आले. नव्या भरतीच्या जवानाला समजावून सांगावं तसं ते सांगू लागले. "ह्ये बघ. फौजेत इलेक्ट्रिशन ट्रेड येगळा आन् वेल्डर ट्रेड येगळा. त्येंची परीक्षा येगळी, त्येंचा उस्ताद येगळा. बिजलीचं काम इलेक्ट्रिशनचं. मी बावीस वर्सांत बिजलीचं काम एक दिवस केलं न्हाई. मी लोखंडाचं काम करतुया. सायबाला वेल्डिंग बंद करायचं आसतं तर सायेब वेल्डिंग म्हनाला आसता. मेजर मानूस हाय, त्येचा शबूद चुकत न्हाई."

बनुबाईनं सदरा पुन्हा बादलीत बुचकळला. फौजेच्या कारभारात तिला खोट काढता आली नव्हती, आणि हे तर शब्दाला शब्द बरोबर होतं.

"आन् तूच मोजतीस की," हवालदार म्हणाले. "सकाळी साडेतीन इसा, सांजंला साडेतीन इसा. म्हैना झाला मी काम करतुया. एक तरी ठोका कमी पडला का?"

पडला नव्हता. बनुबाईनं सदरा पिळला, झटकला, दोरीवर घातला. मग लुगडं धुतलं. लुगड्याचं दुसरं पाणी काढताना ती म्हणाली,

"मधी कुनी मोजल्यात?"

"मधी म्हंजी कवा?"

"तुमचं वेल्डिंग चालू आसतंया तवा."

"तवा कशाला मोजाय पायजे?"

"घागर सकाळी भरल्याली दिसली, सांजंला भरल्याली दिसली. दुपारी रिती हुती का कुनाला ठावं?"

हवालदारांनी यावर विचार केला. बावीस वर्षांत त्यांच्या कामावर कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि त्यांच्या लेखी हे बोट कामावरच ठेवलं होतं. रॉड हातात धरला नाही तर आपण पेन्शन खाणारा एक म्हातारा, एवढंच उरतं, हे ते कधी बोलून दाखवत नसत. पण शेडकडे जाताना त्यांची चाल बदले, आणि ते बनुबाईनं पाहिलं होतं. म्हणूनच तिला नुसतं नको म्हणता येत नव्हतं.

"उद्या दुकानावर ये," हवालदार म्हणाले. "चारचौघांत मोज."

दुसऱ्या दिवशी बनुबाई भाकरीचं फडकं आणि चिंचोके घेऊन शेडवर गेली. चारचौघांपैकी दोघेच हजर होते. एक दादासो आणि दुसरे हंबीरराव. हंबीररावांचा पंधरा एकर ऊस होता, नवा ट्रॅक्टर होता आणि ट्रॉलीचा मोठा हूक, ज्याच्या जोरावर ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली ओढतो, तो बुडाशी तडकला होता. साखर कारखान्याचं धुराडं पेटायला तीन आठवडे उरले होते. हूक भर रस्त्यात तुटला तर सहा टन ऊस मागच्या सायकलवाल्यावर जातो, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून हंबीररावांना हुकाला हवालदारांचाच हात हवा होता. त्यासाठी ते तीन दिवस येऊन बसत होते.

हवालदार मशीन लावायला गेले तसा दादासो बनुबाईजवळ सरकला आणि खाली बघून म्हणाला, "मामी, परवा मामांच्या हातनं रॉडचा होल्डर पडला. बसलं खाली. जर्दा लागला म्हनालं."

"ह्ये जर्दा कवापासनं खाया लागलं?"

"खात न्हाईत," दादासो म्हणाला.

बनुबाईनं मान डोलावली.

प्रात्यक्षिक फौजी पद्धतीनं ठरलं. घड्याळ हंबीररावांनी धरायचं. लाल काटा बारावर आला की त्यांनी "हां" म्हणायचं, फिरून बारावर आला की "बास." मध्ये काही बोलायचं नाही. पहिलं मिनिट वेल्डिंगशिवाय. हंबीरराव "हां" म्हणाले, बनुबाईनं डावं मनगट धरलं, हंबीरराव "बास" म्हणाले.

"साडेतीन इसा."

"लिवून घ्या," हवालदार हंबीररावांना म्हणाले. हंबीररावांनी खिसे चाचपले आणि ध्यानात ठेवतो म्हणून सांगितलं.

आता दुसरं मिनिट. हवालदारांनी हुकाजवळ एक जुनी पट्टी ठेवली. वायर जड असते, तिचं ओझं हातावर येऊ नये म्हणून ती खांद्यावरून घ्यायची त्यांची जुनी सवय. त्यांनी ती डाव्या खांद्यावर टाकली आणि ती छातीवरून, नेमकी पेटीवरून, उजव्या हाताकडे आली. डावा हात बनुबाईकडे असल्यामुळे डोळ्यांपुढची काच दादासोनं धरली. बनुबाईनं तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर हवालदारांच्या स्वतःच्या अक्षरात तेलाच्या रंगानं लिहिलं होतं: ट्रॅक्टरची बॅटरी सोडल्याशिवाय वेल्डिंग होणार नाही. तिनं ते वाचलं. वाचायला तिला वेळ लागे.

"हां," हंबीरराव म्हणाले.

रॉड टेकला. चर्र आवाज झाला आणि भिंत पांढरी झाली. बनुबाई मोजत होती. एक, दोन, तीन, चार. पाचवा आला नाही. तिला वाटलं आपलं बोट सरकलं, म्हणून तिनं बोट नीट केलं. बोट बरोबर होतं. मग पाचवा आला, एकटाच, आणि त्याच्यामागे कोणी नव्हतं. भिंतीवरची ओळ तिनं "सोडल्याशिवाय"पर्यंत पुन्हा वाचली तरी सहावा आला नाही.

ती ओरडली नाही. वेल्डिंगच्या आवाजात ओरडून ऐकू जात नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि विहिरीतून घागर ओढावी तसं आपल्याकडे ओढलं. हवालदार तिच्या बाजूला कलंडले, ते तिच्या ओढण्यानं की आपणहून, हे नंतरही ठरलं नाही. रॉड सुटला. उजेड गेला. ते ट्रॉलीच्या चाकाला टेकून खाली बसले. दादासोनं धावत जाऊन मशीनचा खटका पाडला.

बनुबाईनं मनगट सोडलं नव्हतं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. एकामागे एक, वरातीतल्या बैलांसारखे शिस्तीत.

हंबीरराव इमानदारीनं काट्याकडे बघत होते. "आजून मिनिट व्हायचंय," ते म्हणाले.

हवालदारांच्या कपाळावर घाम होता. थोड्या वेळानं ते म्हणाले, "काय झालं?"

"रॉड टेकला की घागर रिती," बनुबाई म्हणाली. "रॉड उचलला की भरली. ह्यो इसा फुडं जाईना म्हणून ओढलं तुमास्नी."

"जरा ऊन लागलं आसंल."

"सावलीत हाय आपन."

हवालदारांनी शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. तो जागेवर होता. मग दादासो, जो चार वर्षांत मामांना उलटून बोलला नव्हता, भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मामा, एक इचारू का? ट्रॅक्टरवर काम करायचं आसलं की आपन आदी बॅटरीची वायर सोडतुया. तुमीच शिकिवलं. का, तर वेल्डिंगचा करंट वाट सोडून फिरतुया आन् बॅटरीकडचं सगळं बिघडवतुया. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मंग तुमची न सोडता कशी काय आपन वेल्डिंग करतुया?"

मेजरसाहेबांच्या हुकमात जे सापडलं नव्हतं, ते स्वतःच्या हस्ताक्षरात भिंतीवर होतं. हवालदारांनी ती ओळ वाचली. त्यांनी ती सहा वर्षांपूर्वी लिहिली होती आणि त्यानंतर वाचायचं कारण पडलं नव्हतं.

"ही सोडता येत न्हाई," ते शेवटी म्हणाले.

"न्हाई," दादासो म्हणाला. "मंग दुसरं काय तरी सोडाय लागंल."

तरी हवालदार हवालदारच. हुकूम तोंडी होता, तो दुरुस्त करून लेखी मिळाला पाहिजे, या मुद्द्यावर ते तिसऱ्या दिवशी बनुबाईला घेऊन पुण्याला गेले. मेजरसाहेबांनी सगळी हकिगत उभ्यानं ऐकली, मग बसून ऐकली. इलेक्ट्रिशियन ट्रेड आणि वेल्डर ट्रेड यांतला फरक हवालदारांनी त्यांना समजावून सांगितला. मेजरसाहेब म्हणाले, "और वेल्डिंग मशीन में क्या डालते हो, हवालदार? गन्ने का गुड़?" पण चूक आपल्या वाक्याची आहे, हे त्यांनी मान्य केलं. फौजेत हे क्वचित घडतं आणि हवालदारांनी पुढे ते अनेकांना सांगितलं.

मग मेजरसाहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि वाचून दाखवलं. विजेचं वेल्डिंग स्वतः करायचं नाही, कधीच नाही. पेटी हृदयाचा आवाज ऐकत असते. मशीनचा करंट जवळून गेला की तिला तोच हृदयाचा ठोका वाटतो आणि ती गप्प बसते. दुसरा कोणी करत असला तर मशीन आणि वायर यांच्यापासून दहा फूट लांब. वायर खांद्यावर घेण्याचा तर विचारसुद्धा मनात आणायचा नाही. चालू इंजिनवर छाती टेकून वाकायचं नाही. डोकं हलकं वाटलं तर कारण शोधत बसायचं नाही, आधी मागं सरकायचं, मग कळवायचं. गॅसचं वेल्डिंग चालेल, त्यात आग असते, करंट नसतो.

"और घर का बटन, साहब?" हवालदारांनी विचारलं. "रेडियो?"

"बटन दबाओ, रेडियो सुनो. उससे कुछ नहीं होता."

 बनुबाईनं हवालदारांना हळूच विचारलं, "म्हंजी दिवा मी उगंच लावला व्हय ह्ये समदं दिस?"

"हुकूम तसा हुता," हवालदार म्हणाले.

हंबीररावांचा हूक तसाच पडून होता. धुराडं पेटायला आता बारा दिवस. हवालदारांनी चिठ्ठी वाचून दाखवली, तर हंबीरराव म्हणाले, "त्ये समदं खरं. पन हूक तुमच्या हातचा पायजे. दादासो गुनाचा हाय, पन त्येचा हात फाळाचा. फाळ तुटला तर शेतात तुटतुया." दादासोनंही मान हलवली. त्यालाही हुकाला आपला हात लावायचा नव्हता.

हवालदारांनी हुकाभोवती एक फेरी मारली. मग मोजपट्टी घेतली आणि मशीनपासून दहा फूट मोजले. फौजेत थोडी ढील ठेवतात म्हणून बारा केले. तिथे खुर्ची मांडली, ती मशीनकडे पाठ करून, कारण काचेशिवाय ज्योतीकडे बघता येत नाही, आणि काच धरून बसलं तर हात होल्डर मागतो. हे दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही.

"दादासो," ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "तडा मुळापातूर खरवडलास का?"

"खरवडला."

"अर्थिंगचा चिमटा हुकालाच लाव, जवळ. तिकडं चाकाला नगं. मार."

दादासोनं रॉड टेकला. बनुबाई खुर्चीच्या बाजूला तिच्या नेहमीच्या जागी, मनगट धरून. नाडी नीट चालली होती. हवालदार डोळे मिटून ऐकत होते. चांगल्या वेल्डिंगला एक आवाज असतो, कढईत भजी सोडल्यावर येतो तसा, एकसारखा, न थांबता. हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं, पण नुसत्या कानांनी कधी काम केलं नव्हतं. मागे आवाज फडफडायला लागला.

"त्याल लय तापलंय," बनुबाई म्हणाली.

हवालदारांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग ओरडले, "दादासो! अँपियर कमी कर. आन् रॉड लांब धरलायस, जवळ घे!"

आवाज सुधारला. मग मध्येच गप्प झाला, म्हणजे रॉड चिकटला. हवालदार खुर्चीतून उठले. वळले. हात पुढे आलाच होता. दोन पावलं टाकली. बनुबाई मनगट धरून होती म्हणून तीही दोन पावलं आली. तिनं ओढलं नाही. हवालदार आपल्या पावलांकडे बघत थांबले. मग बारा फुटांवर परत आले आणि बसले.

"मोडून काढ," ते पाठमोरे म्हणाले. "चिकटलेला भाग छिन्नीनं मोकळा कर. लोखंड दिसू दे. मंग फिरून मार."

"समदं?" दादासोचा आवाज रडवेला झाला.

"समदं."

असं दोनदा झालं. हंबीरराव दुसऱ्यांदा उठून चहा प्यायला गेले आणि येताना सगळ्यांसाठी घेऊन आले. तिसऱ्या खेपेला भजी एकसारखी तळत राहिली, एका रॉडची, दुसऱ्याची, तिसऱ्याची, आणि कोणी काही बोललं नाही. दादासोनं होल्डर खाली ठेवला, खटका पाडला, खटका पडला असं मोठ्यानं सांगितलं आणि मग हवालदार उठून हुकापाशी गेले.

वरची खपली झाडून त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला. वाळूवर वाऱ्यानं उमटाव्यात तशा बारीक लहरी, एकीवर एक. कोपऱ्यात एका ठिकाणी त्यांनी स्वतः हात जरा वेगळा फिरवला असता. त्यांनी ते सांगितलं नाही. हंबीररावांनी ट्रॉलीत दगड भरून ट्रॅक्टर बांधापर्यंत नेला, खड्ड्यातून दोनदा घातला, परत आणला. हुकाला काही झालं नव्हतं.

"कारखान्यावर सगळी इचारत्याल," हंबीरराव ट्रॅक्टरवरून म्हणाले. "हूक कुनाच्या हातचा म्हनून सांगू?"

हवालदारांनी हात फडक्याला पुसले. हाताला काही लागलेलं नव्हतं. दादासो छिन्नी जागेवर ठेवायला शेडच्या आत गेला होता आणि बाहेर येत नव्हता.

"दादासोच्या," हवालदार म्हणाले.

"आन् तुमी?"

"मी आयकला."